धोंडिबाचं सपाट रान

धोंडिबा आबानं आयुष्यात शंभरावर वाटण्या केल्या, आन त्यातली एक बी कोर्टात गेली न्हाई. टाकव्यात कुणालाबी विचारा. पस्तीस वर्षं मोजणी हापिसात साखळी वढली त्यानं. साहेब छत्रीखाली बांधावर उभा, आन धोंडिबा साखळी घेऊन चिखलातनं, काट्यातनं पुढं. रिटायर झाला तवा गुडघे गेलते, पण डोळ्यात माप बसलं व्हतं.

लोकं त्याला वाटणीला बोलवायची त्याचं आणखी एक कारण व्हतं. गडी बौद्धवस्तीतला. गावातल्या कुणाच्याच भावकीत न्हाई, कुणाच्याच बांधाला त्याचा बांध लागत न्हाई. ज्या घरांनी त्याच्या बापाला ओट्यावर चढू दिलं न्हवतं, त्याच घरची पोरं आता गाडी घेऊन दारात यायची, आबा जरा वाटे बघा म्हणून. धोंडिबा जायचा. आधी खुर्ची मागायचा, मग च्या मागायचा, दोन्ही मिळालं की मगच रानाकडं बघायचा.

त्याचा नियम एकच. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. वाटे पाडणाऱ्याला म्हाईत असतं की वंगाळ वाटा आपल्याच गळ्यात येणार, म्हणून त्याचा हात आपसूक सरळ चालतो. मग दोघांनी एका ताटलीतला गूळ खायचा आन 'कबूल' म्हणायचं. एकदा कबूल म्हणलं की मेलं तरी कुरकुर न्हाई.

तर अशा माणसाकडं एका गुरुवारी त्याची नात यशोधरा आली, आन म्हणाली, आबा, एक वाटणी करून द्या, पण रान टीव्हीत हाये.

यशोधरा आंबीच्या कारखान्यात पार्ट तपासायच्या खात्यात व्हती. एका केसाचा फरक असला तरी पार्ट मागं फेकायची, म्हणून तिथं तिला समदे भ्यायचे. घरी मातर तिला एकच नाद, धक्काबुक्कीचा. म्हंजे खरा न्हाई, टीव्हीवरचा. दोन गडी एका रानात सोडायचे, हातात एकेक रिमोट. एकानं दुसऱ्याला बडवत बडवत कडंवरनं खाली ढकलायचं. तीनदा खाली गेला की हारला. चार वर्सापासनं दर वर्साला ती वस्तीतल्या समाजमंदिरात ह्याच्या स्पर्धा भरवायची. तळेगावापासनं लोणावळ्यापर्यंतची पोरं यायची, पोरी यायच्या, एक बँकेतला साहेब बी यायचा. पुण्याला जायची गरज न्हाई, आपल्याच हितं. तिच्या जीवाचा तुकडा व्हता तो.

पण गेल्या साली फायनलला राडा झाला. गडी कुटल्या रानात लढायचे ते मशीन आपल्या मनानं काढायचं, आन मशीननं नेमकं असं रान काढलं की जमीन डावीकडं कलंडायची. टाकव्याचा पप्पू, जो कायम पैलवान गडी घेऊन खेळतो, तो लढायच्या आधीच घसरत घसरत खाली. समोर तळेगावचा रुचिर. पप्पूची माणसं म्हणाली मशीन तळेगावकडं फिरवलंय. मग जे झालं त्यात दोन खुर्च्या मोडल्या. समाजमंदिराची चावी भागुबाईच्या कमरंला. महिला मंडळाची अध्यक्ष. तिनं मोडक्या खुर्चीचा पाय जपून ठेवला व्हता, पुरावा म्हणून. यंदा तिनं यशोधराला तो पाय दावला आन सांगितलं: ह्या रविवारी कुणी नुसता आवाज जरी चढवला, तर हॉल मंडपवाल्याच्या सतरंज्या ठेवायला कायमचा जाणार.

"रानं निवडायला असा माणूस पायजे आबा, ज्याच्यावर कुणी बोट ठेवणार न्हाई," यशोधरा म्हणाली. "माझं कुणी ऐकत न्हाई. म्हणत्यात, तू बी खेळती."

धोंडिबाला ते पटलं. त्यानं चष्मा पुसला आन म्हणाला, दाव कुटं हाये शिवार.

शिवार लय मोठं निघालं. बावीस रानं. धोंडिबानं एकेक रान उघडायला लावलं आन मोजणी सुरू केली. यशोधरानं गडी घ्यायचा, ह्या कडंपासनं त्या कडंपर्यंत चालवायचा, न पळता, आन आबा पावलं मोजणार. मधीच गडी उडी मारायला लागला की आबा म्हणायचा, साखळी ढिली पडली, परत पयल्यापासनं. यशोधराचा अंगठा दुखायला लागला. धोंडिबाची बायको सरूबाई भाकरी थापता थापता म्हणाली की पस्तीस वर्षं साहेबानं ह्यांना चालवलं, आता हे पोरीला चालवत्यात.

एका रानात वरनं धोंडे पडत व्हते. खोडलं. एकात पाणी चढत व्हतं, खोडलं, धरणाखालची जमीन कोण घेतो. एकात आगगाडी यायची आन उभ्या गड्याला घेऊन जायची. धोंडिबा म्हणाला हे तर बेगडेवाडीचं फाटक झालं, खोडा. गेल्या सालचं कलंडणारं रान त्यानं दोनदा खोडलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाच रानं उरली. पाचातली चार कशीबी हुती, कुटं हवेत एक फळी टांगलेली, कुटं दोन, कुटं तीन, एक तर नुसतं अरुंद. पाचवं रान बघून मातर धोंडिबाचा जीव निवला. सपाट. हितनं तितपर्यंत एकशे बारा पावलं, ना चढ, ना उतार, ना वर फळी, ना खाली खड्डा.

आता मावळातला माणूस तो. हितं समदी जमीन पायरी-पायरीची. डोंगराच्या कुशीतली खाचरं, एक वर एक खाली. सपाट एकर दिसला की माणूस उगाच तितं थांबून बिडी वढतो. धोंडिबानं शंभर वाटण्यांत सपाट रानासाठी भाऊ भाऊ रडताना बघितलेले. त्यानं निकाल दिला, बाकीची चार बी खोडा. एकच रान, सपाट. समद्यांचे समदे खेळ त्याच्यातच. दोघांना सारखं म्हंजे सारखं.

यशोधरा काय बोलणार तेवढ्यात सरूबाई चुलीपाशीच म्हणाली, "सपाट रानात पाणी कुटं थांबतं?"

धोंडिबा म्हणाला, टीव्हीत पाणी न्हाई. यशोधरानं खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर नियम टाकला, खाली आबाचं नाव घातलं. एवढ्या सालांत पयल्यांदाच ग्रुपवर कुणी भांडलं न्हाई. आबाचं नाव म्हणल्यावर कोण भांडणार.

शनवारी दुपारी रंगीत तालीम ठेवली. टीव्ही लागतो का, वायरी पुरत्यात का, ते बघायला. भागुबाई दारात खुर्ची टाकून बसली, मांडीवर तो खुर्चीचा पाय. पप्पू आला, रुचिर बी तळेगावहनं गाडीवर आला. पप्पू तिशीचा, दुधाची गाडी चालवतो. अंगानं बी पैलवान, खेळात बी पैलवान. त्याचा गडी जवळ गेला की धरतो आन आपटतो, पण चालतो बैलावानी. रुचिर बावीस-तेविसाचा, किडकिडीत, कॉलेजात मास्तरकी शिकणारा. त्याचा गडी तिरंदाज. लांबनं बाण मारतो.

सपाट रान उघडलं. रुचिर एका कडंला जाऊन उभा राहिला आन बाण सोडायला लागला. पप्पूचा पैलवान चालायला लागला. एकशे बारा पावलं. विसाव्या पावलाला बाण, मागं सरला. परत चालला. तिसाव्याला बाण. वर चढायला फळी न्हाई, आडोसा न्हाई, उडी मारली तर खाली यायच्या आत दुसरा बाण. दीड मिंटात पप्पू तीनदा खाली. परत खेळले, परत दीड मिंट. तिसऱ्यांदा पप्पूनं रिमोट खाली ठेवला.

त्यानं आवाज चढवला न्हाई, तेच जास्त लागलं. म्हणाला, "आबा, तुमी माझ्या चुलत्याची वाटणी केलती. तवा चुलता म्हणला व्हता, धोंडिबाचा निकाल म्हंजे निकाल. मी घरी काय सांगू?"

रुचिर बिचारा भला पोरगा. तो म्हणाला, "आजोबा, हे असं जिंकण्यात मजा नाही हो." मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे थोडी आहे. पण उद्या तिरंदाज घेतलेले आम्ही सहा जण आहोत. बाकीचे सगळे दुपारच्या आत घरी जातील. जाताना गप्प जातील असं मला वाटत नाही."

भागुबाईनं मांडीवरचा पाय या हातातनं त्या हातात घेतला. यशोधरा भिंतीकडं बघत व्हती. रडत न्हवती, पण पार्ट मागं फेकायच्या आधी ती जशी बघती तशी बघत व्हती. धोंडिबानं काठी उचलली आन भाईर पडला. शंभर वाटण्यांनंतर पयल्यांदा कुणीतरी त्याला तोंडावर सांगितलं व्हतं की माप चुकलं. आन माप तर बरोबर व्हतं. एकशे बारा म्हंजे एकशे बारा.

तो चालत चालत वस्तीच्या खालच्या अंगाला गेला. तितं एका शेठनं दोन सालांमागं चार खाचरं घेतली, मशीन लावलं, समदे बांध मोडले आन प्लॉटिंगसाठी जमीन टेबलावानी केली. प्लॉट काय इकले न्हाईत. दगडाच्या खुणा आन गवत. धोंडिबाला ती जागा आवडायची, गुडघ्याला बरी. पल्याड गेणूचं भात उभं व्हतं, पिवळं झालेलं. गेणू त्याच्याच वयाचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात होऊ घातलेला. तो भातातल्या उंच लाकडी माळ्यावर बसून गोफण फिरवत पाखरं हाकत व्हता.

धोंडिबा त्या टेबलासारख्या जमिनीच्या मधोमध आला आन डोक्यातली पावलं परत मोजत, पायाकडं बघत, वाकून चालायला लागला. गेणूला दिसलं एवढंच की काहीतरी करड्या रंगाचं वाकून भाताकडं चाललंय. मावळात ह्या दिवसात करड्या रंगाचं वाकून चाललं म्हंजे रानडुक्कर.

पयला धोंडा कानाजवळनं गेला. धोंडिबा वरडला, पण गोफणीच्या आवाजात गेणूला डुकराचं वरडणं बी तसंच ऐकू यायचं. दुसरा धोंडा पायाशी. धोंडिबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. लपायला काय न्हाई. झाड न्हाई, झुडूप न्हाई, दगडाची वरवंडी न्हाई. समदं कसं सारखं. पुढं जावं तर गेणू, मागं जावं तर साठ पावलं उघडी. तिसरा धोंडा काठीला लागला आन काठी हातातनं गेली. तवा पंचाहत्तरीचा धोंडिबा ज्या गुडघ्यांवर संडासला बसताना त्याला आई आठवायची, त्याच गुडघ्यांनी पळाला. गेणूच्याच भाताकडं पळाला, कारण तितं एकुलता एक बांध शाबूत व्हता. बांधाच्या अलीकडं तोंड खाली घालून पडला. चौथा धोंडा बांधाला लागून थांबला. पाचवा वरनं गेला.

धोंडिबा मातीत पडल्या पडल्या हसायला लागला.

गेणू माळ्यावरनं उतरून काठी घेऊन आला, डुक्कर मेलं का बघायला. बांधामागं धोंडिबा हसताना दिसला तवा गेणूचंच काळीज थांबायची येळ. त्यानं माफी मागितली, पाणी दिलं, आन म्हणाला, अरे पण तू हिकडं कसा पोचलास, म्या तर तुला मधीच गाठला व्हता. धोंडिबा म्हणाला, "बांध व्हता म्हणून पोचलो. त्या टेबलावर असतो तर तू मला दिवसभर मारला असता, आन मी म्हणलो असतो, जमीन दोघांना सारखी हाये."

घरी आला तवा धोतराला चिखल, कपाळाला खरचटलेलं. सरूबाईनं हळद काढली. हळद लावताना एवढंच म्हणाली, बांधाशिवाय भात व्हत न्हाई हे सांगायला गेणूला धोंडं मारावं लागलं, माझं ऐकलं असतं तर नुसती भाकरी खाऊन भागलं असतं.

रविवारी सकाळी हॉल भरला. चोवीस खेळणारे आन तेवढेच बघे. धोंडिबा पुढं उभा राहिला, कपाळाला पिवळी पट्टी. म्हणाला, शुक्रवारचा निकाल चुकला. हॉलात जरा गलबल झाली, कारण धोंडिबाच्या तोंडनं हा शब्द कुणी ऐकलाच न्हवता. मग त्यानं टेबलावर पाच पुठ्ठे मांडले. पुठ्ठ्यावर रात्री त्यानं कोळशानं नकाशे काढलेले, मोजणीत काढत्यात तसे, बाजूला पावलांचे आकडे. एक सपाट. एक तीन बांधांचं, म्हंजे हवेतल्या तीन फळ्यांचं. एक दोन बांधांचं, एक एका बांधाचं, एक अरुंद.

"कुटलंबी रान दोघांना सारखं नसतं," तो म्हणाला. "लांबनं मारणाऱ्याला सपाट गोड, जवळनं धरणाऱ्याला बांध गोड. म्हणून रान मी निवडणार न्हाई. तुमी दोघांनीच निवडायचं."

मग सांगितलं कसं. छापा-काटा करायचा. जिंकंल त्यानं एक पुठ्ठा पालथा घालायचा. दुसऱ्यानं दोन पालथे घालायचे. उरले दोन, त्यातला पयल्यानं उचलायचा. मग दोघांनी गूळ खायचा आन कबूल म्हणायचं. बँकेतल्या साहेबानं इचारलं, सपाट रान काढूनच का टाकत न्हाई. धोंडिबा म्हणाला, ते बी कुणाचं तरी पोट हाये. ज्याला नको त्यानं खोडावं, पण खोडायला त्याचा एक हात खर्ची पडू दे.

सकाळपासनं तसंच चाललं. पुठ्ठे पालथे, गूळ, कबूल, मारामारी. फक्त एक गोष्ट धोंडिबाच्या हिशेबात न्हवती, गुळाचे हात रिमोटला लागायला लागले. दुपारपर्यंत रिमोटची बटणं दाबली की वर येईनात. एक पोरगी हारली आन म्हणाली माझा गडी उडी मारून खाली यायलाच तयार न्हवता, पण कबूल म्हणलीय. यशोधरा ओल्या फडक्यानं रिमोट पुसत फिरत व्हती, आन भागुबाई फरशीकडं बघत व्हती, जितं गुळाचे खडे पायाखाली चिरडून पार टीव्हीपर्यंत गेलते.

फायनलला परत तीच जोडी आली. पप्पू आन रुचिर.  भागुबाईनं खुर्चीचा पाय मांडीवर सरळ ठेवला.

छापा पप्पूचा आला. त्यानं इचार बी न करता सपाट रान पालथं घातलं. रुचिरनं अरुंद रान आन एका बांधाचं, अशी दोन पालथी घातली. उरली दोन, दोन बांधांचं आन तीन बांधांचं. पप्पूनं लय येळ लावला. दुधाच्या गाडीवाला माणूस, त्याला कुणी एवढा येळ लावताना बघितलं न्हवतं. शेवटी तीन बांधांचं उचललं. गूळ खाल्ला. कबूल. कबूल.

ह्या खेपंला पैलवान चालला न्हाई, चढला. एका फळीवरनं दुसरीवर, बाण खालनं गेले. रुचिरला धरला, आपटला, खाली घातला. रुचिरनं मग जागा बदलली, फळीखालनं वर बाण मारायला लागला. एक-एक झाले, दोन-दोन झाले. धोंडिबाला कोण कुठला ते धड दिसत न्हवतं, पण बांध दिसत व्हते, आन दोघं बी ते वापरत्यात हे दिसत व्हतं. त्याला तेवढंच बघायचं व्हतं. शेवटच्या जीवावर पैलवान वरच्या फळीवरनं धरायला झेपावला, रुचिर एक पाऊल सरला, आन पैलवान आपल्याच जोरानं कडंवरनं गेला.

रुचिर जिंकला. परत.

कुणी टाळी वाजवली न्हाई. समदे पप्पूकडं बघत व्हते. मागनं त्याच्या आळीचा एकजण उठायला लागला, खुर्ची करकरली, भागुबाई बी उठायला लागली. यशोधरानं फडकं छातीशी धरलं.

पप्पूनं मान न वळवता हात मागं केला, बस म्हणून. "बस खाली. रान म्याच उचललं व्हतं." मग रुचिरकडं वळून म्हणाला, "पण पुढल्या साली तुझ्या तिरंदाजाला गूळ जास्त चारणार."

रुचिर हसला, मग पप्पू हसला, आन मग टाळ्या पडल्या त्या इतक्या की गेणू त्याच्या माळ्यावरनं गोफण फिरवायचा थांबला असंल.

भागुबाई चालत पुढं आली. यशोधरासमोर तो खुर्चीचा पाय ठेवला, आन त्यावर कमरंची चावी. म्हणाली, पुढल्या साली बी तूच उघडायचा हॉल. मग फरशीकडं बोट केलं. "पण मुंग्यांची जत्रा भरायच्या आत ही फरशी पुसून घ्या. आन पुसायला दोन्ही फायनलवाले. धोंडिबा भाऊ, वाटणी तुमी करून द्या."

धोंडिबा म्हणाला, मी कशाला, नियम हाये. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. पप्पू थोरला. पप्पूनं केरसुणी घेतली, भिंतीपासनं भिंतीपर्यंत पावलं मोजली, चव्वेचाळीस, आन बरोब्बर बाविसाव्या पावलावर केरसुणीनं रेघ मारली. एक केस इकडं न्हाई, एक केस तिकडं न्हाई. यशोधरानं सुद्धा मान डोलावली.

रुचिरनं दाराकडचा अर्धा उचलला.

तवा पप्पूच्या ध्यानात आलं की टीव्ही त्याच्या अर्ध्यात हाये, टेबल त्याच्या अर्ध्यात हाये, आन दिवसभराचा समदा गूळ बी त्याच्याच अर्ध्यात हाये. त्यानं धोंडिबाकडं बघितलं.

"माप बरोबर हाये," धोंडिबा म्हणाला आन खुर्चीत बसला. "आता कबूल म्हण."